आबांनी मोकळी केलेली निळी

नोरझोमच्या गावात अजूनही कुणी बोलता बोलता नावात घोटाळा केला, की चुलीपाशी बसलेली एखादी बाई हटकून म्हणते, "नीट बोल गं बाई, मोरुप आबांसारखं करून बसशील!" मग सगळ्या हसतात. सगळ्यात आधी नोरझोम हसते. हसून झालं की बाहीच्या टोकाने डोळे पुसते आणि म्हणते, "देव करो आणि प्रत्येक घराला असा चुकणारा सासरा मिळो."

मोरुप आबा म्हणजे तिचे सासरे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी एका हिवाळ्यात एक शब्द कमी उच्चारला, आणि त्या न उच्चारलेल्या शब्दावर नोरझोमचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

नोरझोम आता साठीच्या घरात आहे. चालताना तिचा उजवा हात सवयीने थोडा मागे राहतो, जणू हातात अजून म्होरकीची दोरी आहे आणि मागून कुणीतरी चार पायांनी येतंय. लडाखच्या झांस्करात घोडे हाकणं हे पुरुषांचं काम. नोरझोम तर माहेरची घोड्यांच्या घरचीसुद्धा नव्हती. नदीच्या खालच्या अंगाला तिचं माहेर, आणि तिथे होती गाढवं. सासूबाई, म्हणजे चोरोल अमा, हे तिला विसरू द्यायच्या नाहीत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नोरझोमने घोडीपुढे चारा टाकला तेव्हा अमा जिन्यातून म्हणाल्या होत्या, "अगं, पेंढी सोडून टाक. गाढव नाही ते, दोरीसकट खायला."

मग तिच्या नवऱ्याचा, त्सेफेलचा, पाय खिंडीत घसरला आणि गुडघा कायमचा वाकडा झाला. बोलायला गोड, हाताला हुशार माणूस. पण उतारावर त्याला उभंही राहता येईना. तो गच्चीवर उन्हात बसून लोकर कातायला लागला आणि घरचे घोडे नोरझोमच्या हाती आले. आबांनी तिला शिकवलं. पण ती म्हणते, खरं शिकवलं ते निळीने.

निळी ही घरची घोडी. राखेच्या रंगाच्या जनावराला तिकडे निळंच म्हणतात. उंची म्हणाल तर तिची पाठ नोरझोमच्या छातीला लागायची, त्याहून जास्त नाही. छाती मात्र पिंपासारखी, खूर दगडासारखे, शेपूट जमिनीला टेकलेली. खालून आलेले मोठाले घोडे ज्या खिंडीत मान खाली घालून धापा टाकायचे, तिथे निळी इकडेतिकडे बघत गवताची काडी शोधायची. बर्फाखालचं वाळकं गवत खुराने उकरून खायची. तिची चाल रवाळ, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलणारी, अशी की बसणाऱ्याच्या हातातला छांगचा, जवाच्या दारूचा, पेला हिंदकळू नये. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिला वाट कळायची. एकदा खिंडीखाली बर्फाच्या पट्ट्यावर ती थांबली ती थांबली. नोरझोमने ओढलं, ढकललं, माहेरच्या गाढवांना द्यायची ती सगळी विशेषणं दिली. निळीने नाक खाली नेऊन हुंगलं आणि वळून वरच्या अंगाने लांबचा रस्ता धरला. परत येताना नोरझोमने पाहिलं, तो पट्टा मधोमध खचला होता आणि खाली पाणी दिसत होतं. त्या दिवसापासून तिने निळीला शिवी दिली नाही.

तर तो हिवाळा. नदी गोठलेली, खिंडी बंद, आणि चोरोल अमांना छातीचं दुखणं झालं. श्वास घेताना घशातून शिट्टी वाजायची. गावच्या वैद्याने पुड्या दिल्या, उकळून पाजायला मुळ्या दिल्या, आणि मग त्यानेही हात टेकले. शेवटी टेकडीवरच्या गोन्पातल्या, म्हणजे मठातल्या, म्हाताऱ्या लामांना बोलावलं. त्यांनी पोथी उघडली, गणित केलं आणि सांगितलं, "एक जीव मोकळा करा."

जीव मोकळा करायचा म्हणजे घरातलं एक जनावर सोडून द्यायचं. त्याच्या कपाळाला लोणी लावायचं, मानेला रंगीत चिंध्या बांधायच्या, आणि त्या क्षणापासून ते कुणाचं नाही. त्याला कापायचं नाही, विकायचं नाही, त्याच्या पाठीवर काही ठेवायचं नाही. त्याने आपल्या मर्जीने जगायचं, आणि त्या पुण्याने आजारी माणसाचं आयुष्य वाढायचं.

लामा दारातच उभे होते. दिवस मावळायच्या आत उरकायचं होतं. आत आबा अमांच्या उशाशी बसलेले, त्यांचं लक्ष त्या शिट्टीकडे. लामांनी विचारलं, "कोणता जीव?"

"निळी," आबा म्हणाले. "आमची निळी मोकळी करतो."

आता आबांच्या डोळ्यांपुढे होती निळी मेंढी. म्हातारी, दात पडलेली, राखेच्याच रंगाची. तिलाही निळीच म्हणायचे. 'मेंढी' हा एक शब्द त्यांच्या तोंडून राहिला.

आणि तेव्हा घरात होती आचे यांगडोल. आचे म्हणजे ताई. त्यांच्या फस्पुनातली, म्हणजे एकच कुलदैवत मानणाऱ्या चार घरांतली ही बाई. अशा घरांनी जन्माला, लग्नाला, मरणाला एकमेकांच्या दारात उभं राहायचं असतं. नोरझोम पाण्याला गेली म्हणून ती चुलीशी बसली होती. 'निळी' ऐकल्याबरोबर ती खाली तबेल्यात गेली आणि घोडी बाहेर काढली.

नोरझोम बर्फ फोडून पाठीवर पाण्याचा डबा घेऊन आली, तर अंगणात निळी उभी. आयाळीत लाल-पिवळ्या-हिरव्या चिंध्या, कपाळावर लोण्याचा गोळा, आणि समोर लामा मंत्र म्हणतायत. तिला आधी वाटलं, कुणाचं लग्न ठरलं की काय?

तेवढ्यात आबा बाहेर आले. त्यांनी घोडीकडे पाहिलं, लामांकडे पाहिलं.

"ही काय? मेंढी कुठंय?"

"कसली मेंढी?" लामा म्हणाले.

"निळी! आमची निळी मेंढी!"

"आबा-ले, तुम्ही मेंढी म्हणालाच नाहीत," यांगडोल नावापुढचं आदराचं 'ले' न विसरता म्हणाली. "तुम्ही म्हणालात आमची निळी."

"अगं, पण म्हाताऱ्या बायकोसाठी म्हातारी मेंढी, हे कुणालाही कळेल!"

"मला काय माहीत? मला वाटलं, मोठं घर, बायकोवर जीव, म्हणून घोडी. मी तर मनात म्हटलं, आमच्या ह्यांनी माझ्यासाठी कोंबडीसुद्धा सोडली नसती."

आबा लामांच्या पुढे हात जोडून उभे राहिले. "लामा-ले, या चिंध्या सोडा आणि मेंढीला बांधा. ती आत्ता आणतो."

लामांनी पोथी फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "मोरुप, बांधायचा मंत्र मला येतो. दिलेला जीव परत घ्यायचा मंत्र मला कुणी शिकवला नाही. मेंढीही सोडायची असेल तर सोड. तेवढं जास्त पुण्य."

तशी मेंढीही सुटली. नुसती घोडी सोडली तर मेंढी नाराज होईल आणि तीच खरी नवसाची असेल तर काय, अशी आबांना भीती. त्यामुळे त्या घरात एका दिवशी दोन निळ्या मोकळ्या झाल्या, आणि मेंढी त्यानंतर तीन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चारा हादडत सुखाने जगली.

चौथ्या-पाचव्या दिवशी अमांची शिट्टी थांबली. त्यांनी डोळे उघडून पहिलं वाक्य उच्चारलं, "चुलीत शेण्या इतक्या कशाला घातल्यात? हिवाळा संपायचाय." घरात सगळे रडले. आणि कुणाच्याही मनात निळीच्या आयाळीतल्या चिंध्यांना हात लावायचं धैर्य उरलं नाही.

पण पुण्य पदरी पडलं, तरी उन्हाळ्यात ओझी कोण वाहणार होतं? घरात आता घोड्याच्या नावाने उरली होती ती निळीची लेक, तांबडी. चार वर्षांची, अंगाने धट्टीकट्टी, आईसारखीच छाती, आईसारखीच चाल. फक्त एक खोट होती. शिंगरू असताना त्साराप नदीच्या पुलावर फळ्यांच्या फटीत तिचा पाय अडकला होता. तेव्हापासून पूल दिसला की ती चारही पाय रोवून उभी राहायची. पाणी कमी असताना नदीतून चालत जायची. पण उन्हाळ्यात बर्फ वितळून नदीला लोंढा आला, की पुलाशिवाय वाट नाही. पदुमचा बाजार पलीकडे, खिंडी पलीकडे, सगळं जगच पलीकडे. पूल न ओलांडणारा घोडा म्हणजे झांस्करात नुसता चारा खाणारा पाहुणा.

हे सगळं त्सेफेलच्या मामांना पक्कं ठाऊक होतं. अझंग रिगझिन त्यांचं नाव. अझंग म्हणजे मामा. खालच्या खोऱ्यात त्यांचा खेचरांचा धंदा. खेचर हवं तर गाढवाला घोडी लागते, आणि चांगल्या घोडीचं खेचर चांगलं निघतं, म्हणून ते गावोगावच्या घोड्या गोळा करत हिंडायचे. एकदा त्यांच्या तबेल्यात गेलेल्या घोडीच्या पोटी पुन्हा घोडा जन्मत नसे. आदल्या शरदातच त्यांनी निळी मागितली होती, आणि आबा "बघू, उन्हाळ्यात देऊ" म्हणून मोकळे झाले होते. बर्फ वितळल्यावर अझंग आले, आणि निळीच्या आयाळीतल्या चिंध्या बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"दाजी, तुम्ही एका शब्दात मला बुडवलंत."

"मीच बुडालोय, तुझं काय घेऊन बसलास," आबा म्हणाले.

"मग ती तांबडी द्या. नाहीतरी पुलाला भिते. ती तुमच्या काय कामाची?"

आबांनी त्सेफेलकडे पाहिलं. त्सेफेलने लोकर कातायची चाती थांबवली. तो म्हणाला, "नोरझोमला विचारा. घोडे तिचे."

नोरझोम लोणी घातलेला चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली. "अझंग-ले, तुम्ही खेचरं घेऊन पदुमला कधी जाताय?"

"लोकर कातरून झाली की."

"मीही त्याच दिवशी निघते. फस्पुनाच्या चारही घरांची लोकर तांबडीवर घालून. ती पुलावरून गेली तर आमची. नाही गेली तर तिथूनच घेऊन जा."

"दे टाळी," अझंग म्हणाले. टाळी दिली तेव्हा त्यांचा हात तिला फार मोठा वाटला.

त्यानंतर तिने तांबडीला वळवायचे सगळे उपाय केले. डोळ्यांना फडकं बांधलं, तर तांबडीने फडकं खाल्लं. मिठाचा खडा पुलावर ठेवला, तर ती लांबून जीभ बाहेर काढून उभी राहिली. अंगणात फळ्या टाकून त्यावरून चालवलं. त्यावरून ती राणीसारखी गेली. पुलाशी नेली, की पुन्हा चारही पाय जमिनीत. नोरझोमचे तळहात दोरीने सोलून निघाले. आचे यांगडोल म्हणायची, "दोघींमध्ये जास्त हट्टी कोण, हे मला अजून कळलेलं नाही."

निघायच्या आदल्या पहाटे नोरझोम तबेल्यात खोगिराचे तंग तपासत होती. अमा भिंत धरत धरत खाली आल्या. आजारानंतर त्या पहिल्यांदाच जिना उतरल्या होत्या. दारात निळी उभी होती. मोकळी असूनही झोपायला घरीच यायची. अमांनी तिच्या मानेवर हात ठेवला.

"खोगीर हिच्यावर घाल," त्या म्हणाल्या.

नोरझोमला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालात, अमा-ले?"

"ऐकू येतंय तुला. गाव मागे पडलं की कोण बघतंय? चिंध्या काढून खिशात ठेव, येताना परत बांध. तांबडी गेली तर या घरात घोडा राहणार नाही. मी काय, माझं जगून झालंय. एक म्हातारी गेली तर घराचं काही अडत नाही. घोडा गेला तर अडतं."

नोरझोमने तंग घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. हा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. हिवाळाभर पाण्याला जाताना, मग वसंतात पहिल्यांदा नांगरताना, तो येऊन बसायचा आणि ती त्याला हाकलायची. आज तो सासूच्या तोंडून आला होता, आणि म्हणूनच तिला तो उचलता येईना.

"तुमच्याशिवाय मला घोड्यांवरून बोलणारं कोण राहील?" ती म्हणाली. "आचे यांगडोल तर नुसती हसते. चला वर, थंडी आहे."

 वर जाताना अमांनी सुनेच्या खांद्यावर हात टाकून आपलं सगळं वजन तिच्यावर दिलं. ते वजन इतकं कमी होतं, की नोरझोम जिन्यात क्षणभर थांबली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. तांबडीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोकरीच्या गोण्या. पुढे आचे यांगडोल आपली गाढवं घेऊन, मागे अझंग रिगझिन आणि त्यांची खेचरं. आणि शेतांच्या कडेने, कुणी न बोलावता, निळी.

"परत जा!" नोरझोम ओरडली. मोकळ्या जिवाने कामाच्या वाटेवर येणं चांगलं की वाईट, तिला कळेना. तिने एक खडा उचलून निळीच्या पुढच्या बाजूला टाकला. निळीने खड्याकडे पाहिलं आणि चालत राहिली.

"काय गं, हिलाही सोबत आणलीस ना," अझंग मागून म्हणाले, "भाचेसून-ले? एकीला काम करता येत नाही, दुसरीला करायचं नाही. छान जोडी!"

"तिसरी मी आहे," यांगडोल पुढून ओरडली. "मला काम करायचंय, पण ऐकून घेणारं गाढव मिळालं नाही. ऐकणारं होतं एकच, माझा नवरा, तो घरी राहिला."

पूल आला. खाली त्साराप दुधाळ, राखाडी, दगड गडगडत चाललेली; बोलायचं तर ओरडावं लागत होतं. यांगडोलची गाढवं टकाटक पलीकडे गेली. निळी पुलाच्या तोंडाशी आली, नाक खाली करून पहिली फळी हुंगली, आणि आपल्या रवाळ चालीने सावकाश निघून गेली. पलीकडे जाऊन ती गवत खाऊ लागली. मागे वळूनही पाहिलं नाही.

तांबडी थांबली. नोरझोमने ओढलं. तांबडीने मान मागे घेतली, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं, गोण्या करकरल्या. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. सोललेल्या तळव्यांतून आग निघाली.

"झालं?" अझंगांनी आपल्या खेचरांना थांबवलं होतं. आवाजात टोमणा नव्हता, आणि ते जास्तच लागत होतं. "सोड आता, पोरी. तिलाही त्रास, तुलाही."

नोरझोम दोरी धरून उभी राहिली. पलीकडे निळी मान खाली घालून चरत होती. आणि एकदम तिला दिसलं, की इतक्या वर्षांत निळीला तिने ओढून म्हणून कुठे नेलंच नव्हतं. जिथे ओढलं, तिथे ती थांबली होती, आणि तिथे निळीचंच बरोबर निघालं होतं. निळीच्या पायाला वाट कळायची, कारण तिच्या गळ्यात कुणाची भीती नसायची. तांबडीच्या गळ्यात मात्र दोरीच्या दुसऱ्या टोकाला नोरझोमची सगळी भीती बांधलेली होती. घर जाईल, घोडा जाईल, चार घरांची लोकर नदीत जाईल. ती भीती या दोरीतून तांबडीला कळत होती.

तिने म्होरकी सोडली. गाठ सुटेना, दाताने ओढली. दोरी गळ्यातून काढून कमरेला गुंडाळली.

"वेडी झालीस का?" अझंग ओरडले. "लोकरीसकट पळेल ती! चार घरांना तोंड काय दाखवशील?"

यांगडोल पलीकडून दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होती, नदीत काही ऐकू येत नव्हतं. नोरझोमने तांबडीच्या कपाळावर कपाळ टेकलं, बस, एवढंच. मग वळली आणि पुलावर चालायला लागली.

मागे बघायचं नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं, आणि ते पाळणं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं असं ती आजही सांगते. पुलाच्या मध्यावर तो झोका घेतो. तिथवर ती पोचली तेव्हा मागे काहीच नव्हतं, फक्त नदी. ती थांबली नाही. पलीकडे निळीने मान वर केली, कान पुढे केले, आणि एक लहानसा, घशातला आवाज काढला, शिंगराला दूध पाजायच्या वेळी काढतात तसा.

मग नोरझोमच्या पायाखालची फळी जराशी दबली. मागून कुणाचं तरी वजन पुलावर आलं होतं. एक खूर. मग थांबणं. मग दुसरा. मध्यावर झोका आला तेव्हा ते थांबलं, आणि नोरझोमच्या पाठीवर गरम, ओला श्वास लागला. तिच्या पाठीला नाक टेकून तांबडी उभी होती. नोरझोमने पुढचं पाऊल टाकलं. नाक सुटलं नाही. अशाच दोघी, एकीच्या पाठीला दुसरीचं नाक लावून, पलीकडे गेल्या.

पलीकडे यांगडोल रडत रडत शिव्या देत होती. "मरणाचं भ्यायले मी! त्या लोकरीत माझीही लोकर आहे, टवळे!" आणि तिने आधी तांबडीला मिठी मारली, मग नोरझोमला.

अझंग रिगझिन सगळी खेचरं पार करून आले. त्यांनी तांबडीच्या मानेवर थाप मारली. "मी इतकी वर्षं घोड्यांमध्ये वाया घालवली," ते म्हणाले, आणि आपल्या पिशवीतून वाळवलेल्या चीजचा मोठा तुकडा काढून नोरझोमच्या हातावर ठेवला. पदुमपर्यंत सगळ्यांत पुढे त्यांनी तिला चालू दिलं.

येताना ती गोन्पात लामांना भेटायला गेली. मनात एक टोचणी होती. निळीने वाट दाखवली म्हणजे मोकळ्या जिवाकडून काम करून घेतलं, असं तर झालं नाही ना?

"तू तिला हाक मारलीस?" लामांनी विचारलं.

"नाही. उलट खडा टाकला, परत जा म्हणून."

"म्हणजे मोकळ्या जिवाने कुठे जायचं हे तू ठरवत होतीस, आणि तेही दगड मारून! पाप शोधायचंय तर ते शोध आधी." मग हसले. "ती तिच्या लेकीसोबत गेली. आईला कामाला लावायला कुणाची गरज नसते."

निळीने त्यानंतर चार शिंगरं दिली. ती मोकळी होती, पण तिची शिंगरं घरची होती. तांबडीनेही दिली. आता गावापर्यंत गाडी येते. बहुतेक घरांनी घोडे विकून टाकले आणि झांस्करचा अस्सल घोडा मोजक्या तबेल्यांत उरला. दूरदूरचे लोक शिंगरू मागायला नोरझोमच्या दारात येतात. आबांनी 'मेंढी' हा शब्द उच्चारला असता, तर निळी त्याच उन्हाळ्यात अझंगांच्या तबेल्यात गेली असती, पुलाला भिणारी तांबडीही मागोमाग, आणि त्यांचं रक्त तिथेच संपलं असतं. हे नोरझोमला ठाऊक आहे. रोज सकाळी तबेल्याचं दार उघडताना ती आबांचं नाव घेते. निळी एका शरदात वरच्या कुरणात, स्वतः निवडलेल्या जागी, गवतात आडवी झाली. चोरोल अमा त्याच्याही नंतर पुष्कळ जगल्या.

पण नोरझोमला विचाराल तर ती सांगते पदुमहून परतल्याची संध्याकाळ. तांबडीची पाठ पुसून, चारा घालून ती वर स्वयंपाकघरात आली. त्या घरात बसायची रांग ठरलेली. चुलीजवळ आबा, मग अमा, मग त्सेफेल, आणि सून दाराकडच्या टोकाला, उठून वाढायला सोपं पडावं म्हणून. ती आपल्या जागी बसायला गेली.

"तिथे नको," अमा म्हणाल्या, आणि गालिच्यावर हळूहळू खाली सरकल्या, एका माणसाची जागा होईल इतक्या. "इथे बस. घोडे चालवून आलेल्या माणसाने दाराशी बसायचं नसतं. वारा लागतो."

नोरझोम उभीच राहिली. "मग वाढेल कोण, अमा-ले?"

वाकडा गुडघा सावरत, चुलीच्या खांबाला धरून, त्सेफेल उठला. त्याने पळी हातात घेतली. थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, त्याने स्वतःच शिजवलं होतं. पातळ झालं होतं, मीठ कमी होतं, आणि वाढताना निम्मं चुलीवर सांडलं. आबा खो खो हसले. अमांनी पहिला वाडगा उचलला आणि नोरझोमच्या हातात दिला, दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तसा.

ती बसली आणि जेवली.